अर्धा शिक्का तिकिटावर

संक्रांत जवळ आली की प्रताप नगरच्या आमच्या गच्चीवर मांज्याचे तुकडे येऊन पडायला लागतात. तुळशीत अडकतात, उन्हात टाकलेल्या गाद्यांवर पसरतात, पायात येतात. मी ते रोज सकाळी गुंडाळते आणि गल्लीतल्या पोरांच्या नावानं रोज बोटं मोडते. पोरांना त्याचं काही नाही. त्यांचं सगळं लक्ष वर असतं.

माझंही असतं, पण पतंगांकडे नाही. सोनेगावला उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात. आता इतकी जातात की कोणी मान वर करत नाही. मी करते. कामवाली हसते, सून हसते, हसोत बापड्या. ही सवय मला बाबांनी लावली आणि वाटण्या झाल्या तेव्हा दादाच्या वाट्याला घर आलं आणि माझ्या वाट्याला हे.

नागपूरच्या थंडीबद्दल बाहेरच्या माणसांना सांगून पटत नाही. त्यांच्या लेखी नागपूर म्हणजे उन्हाळा आणि संत्री, झालं. पण सक्करदऱ्याला तलावाजवळ ज्यांचं घर होतं त्यांना विचारा. सकाळी तलावावर धुकं बसलेलं असायचं आणि गल्लीतल्या घराघरात बंब पेटलेले असायचे. ओल्या काटक्यांचा तो धूर स्वेटरमध्ये शिरायचा तो थेट होळीपर्यंत निघायचा नाही. दुपारी सगळं घर गच्चीवर. गाद्या उन्हात, पापड उन्हात, आई उन्हात, मी पुस्तक घेऊन उन्हात. आणि शाळेला सुट्टी असली की बाबा त्यांची लोखंडी पेटी घेऊन उन्हात.

त्या पेटीत पाकिटं होती. पत्रं नव्हती, नुसती पाकिटं. तिकीट लावलेली, शिक्का पडलेली, विमानानं प्रवास केलेली. बाबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. पोरांच्या वह्यांतली सफरचंदं आणि मडकी तपासून झाली की उरलेलं आयुष्य त्यांनी या पाकिटांना दिलं होतं. कसर लागू नये म्हणून दर हिवाळ्यात ते पेटीला ऊन दाखवायचे. पतंगा सुरू झाल्या की पाकिटांवर जुनी साडी पसरायचे, कारण वरून काय पडेल याचा नेम नसे.

हा नाद त्यांना कुठून लागला ते सांगायचं तर एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. आताच्या लोकांना ती खोटी वाटते. एके काळी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी रोज रात्री टपालाची विमानं निघायची आणि मध्यरात्री आमच्या सोनेगावला एकत्र यायची. मद्रासची थैली दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या. अदलाबदल झाली की विमानं आपापल्या घरी परत. मद्रासमध्ये आज टाकलेलं पत्र उद्या दिल्लीत वाचलं जायचं ते असं. बाबांना याचा फार अभिमान. जसं काही नकाशात नागपूर मधोमध त्यांनीच काढलं होतं. सगळ्या देशाचं टपाल आपल्या गावात उतरून चहा पिऊन जातं, असं ते पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे हो म्हणायचे आणि पोह्यांकडे वळायचे.

मी झोपेत ती विमानं कितीदा ऐकली असतील. थंडीत हवा स्वच्छ असते, आवाज लांबून येतो. आधी एक घरघर, मग दुसऱ्या बाजूनं दुसरी. शेजारच्या खोलीत बाबा जागे असायचे आणि सकाळी चहा पिताना म्हणायचे, काल मद्रासवाला उशिरा आला. आई म्हणायची, तुम्ही काय त्याची वाट पाहत दार उघडं ठेवलं होतं का.

तर त्या रात्रटपालाचा पहिला फेरा झाला तेव्हा बाबा तरुण होते. मद्रासला त्यांचा एक मित्र होता. त्याला त्यांनी मोठ्या पाकिटात घालून एक छोटं पाकीट पाठवलं. छोट्या पाकिटावर पत्ता स्वतःचाच. मित्रानं तिकीट लावून ते त्या पहिल्या विमानाच्या टपालात टाकायचं, म्हणजे ते नागपूरला बाबांकडे परत येईल, पुढे मद्रासचा शिक्का आणि मागे नागपूरचा. आत काही नाही. आत काही असायची गरजच नाही. हे पाकीट गोळा करणारे सगळेच असं करतात म्हणे. पुढे बाबांनी असली कितीतरी पाकिटं कुठून कुठून फिरवून आणली. नवा विमानमार्ग सुरू झाला की आमच्याकडे रिकामं पाकीट आलंच. पोस्टमन घंटी वाजवून आईला म्हणायचा, मास्तरांचं मास्तरांना आलं. आई म्हणायची, "दुसऱ्याले चार ओळी लिहायच्या म्हटलं तर यांच्या हाताले वळ येतात. पण स्वतःले मात्र विमानानं टपाल."

हे मात्र खरं होतं. बाबांनी कधी कोणाला पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही. आत्यांच्या पत्रांना उत्तर आई द्यायची, शेवटी बाबा सही करायचे. बोलणंही तेवढंच. पाकिटांबद्दल मात्र विचारावं. मग ते अलाहाबादपासून सुरुवात करायचे. तिथल्या प्रदर्शनात एका परदेशी वैमानिकानं लाकडाकापडाच्या विमानात टपालाची थैली घेतली आणि यमुना ओलांडून नैनीला नेऊन दिली. नदीपलीकडे, एवढंच. नाववाल्यानंही नेली असती. पण जगातलं ते पहिलं सरकारी विमानटपाल, आणि ते आपल्याकडे निघालं, हे सांगताना बाबांचा आवाज जरा चढायचा. त्या घटनेला पन्नास वर्षं झाली तेव्हा निघालेलं तिकीट त्यांच्याकडे होतं. त्याआधीचं, राजाचा चेहरा आणि ढगांवरून जाणारं विमान असलेलं तिकीटही होतं. मला ते विमान गवतातल्या टोळासारखं वाटायचं.

पेटीत एक पाकीट वेगळं होतं. त्याच्यावर तिकीटच नव्हतं. कागद फुगलेला, पत्त्याची शाई पसरलेली. टपालाचं एक विमान समुद्रात पडलं होतं. थैल्या बाहेर काढल्या तेव्हा तिकिटं पाण्यात सुटून गेलेली, पण टपालखात्यानं पाकिटं वाळवली, त्यांवर अपघाताचा शिक्का मारला आणि ज्याची त्याला पोचती केली. तिकीट नाही तर ते ठेवलं कशाला, मी लहानपणी विचारलं होतं. बाबा म्हणाले होते की ते पोचलं म्हणून.

आणि त्यांचा एक नियम होता. तिकीट कधी पाकिटावरून काढायचं नाही. शाळेतली पोरं तिकीट पाण्यात भिजवून काढतात, वहीत चिकटवतात, आणि टपालाचा जीव घेतात, असं त्यांचं मत. कारण पोस्टातला शिक्का अर्धा तिकिटावर पडतो आणि अर्धा पाकिटावर. तो गोल पुरा असला तरच हे तिकीट याच पाकिटाबरोबर गेलं याला पुरावा. एकदा सुटलं की तिकीट नुसतं चित्र आणि पाकीट नुसती रद्दी.

हा नियम मला पाठ होता, आईला पाठ होता, दादाला पाठ होता. पुष्पा वहिनीला तो सांगायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

ते ज्या हिवाळ्यात महागात पडलं, त्याची ही गोष्ट. माझं बी. एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. रात्रटपालाची ती भेट तोवर बंद झाली होती. मोठी, वेगवान विमानं आली, त्यांना नागपूरला थांबायची गरज उरली नाही. बाबा सकाळी चहा पिताना काही बोलेनासे झाले. त्या जानेवारीत गावात तिकिटांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि त्यात बाबांना पहिल्यांदाच आपली पाकिटं मांडायला जागा मिळाली होती. विषय ठरलेला, नागपुरात भेटणारी विमानं. मधोमध ते पहिल्या रात्रीचं मद्रासचं पाकीट. त्यासाठी त्यांनी काळ्या शाईनं मथळे लिहून ठेवले होते, अक्षर असं की बघत राहावं.

आणि त्याच दिवाळीनंतर दादाचं लग्न झालं होतं. वहिनी पारशिवनीची. घरी शेती, पाठीवर दोन भाऊ, हात कामाला चपळ. दादा चंद्रपूरकडे नोकरीला होता, शनिवारी यायचा. म्हणजे आठवड्याचे बाकीचे दिवस ती आमच्याकडे आमच्यातच, नव्या घरात, सासऱ्यांपुढे पदर सावरत. आमच्याकडे सून सासऱ्यांना मामाजी म्हणते. पण म्हणायची वेळ यायला आधी बोलणं व्हायला पाहिजे. बाबा तिच्याशी बोलायचे नाहीत, ती त्यांच्याशी बोलायची नाही. राग कसला नाही, दोघंही लाजाळू. मधली पोस्टमन मी. "बेबी, सूनबाईले म्हण भाजी चांगली झाली." मग मी मान वळवायची आणि हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या वहिनीला सांगायची की भाजी चांगली झाली. ती मला सांगायची, बेबीताई, मामाजींना म्हणा आणखी घ्या.

तिला फार वाटायचं की आपण मामाजींसाठी काहीतरी करावं. आईसाठी करणं सोपं होतं, आईचे पाय दुखायचे. पण चहाशिवाय काही न मागणाऱ्या माणसासाठी काय करणार? ती त्यांना रोज संध्याकाळी पाकिटं घेऊन बसलेलं पाहायची. चाळायचे, पुसायचे, परत ठेवायचे. तिच्या धाकट्या भावांना तिकिटांचा नाद होता आणि त्यांना तिकिटं भिजवून काढून देणारी तीच. तिला वाटलं, मामाजींचं एवढं काम पडून राहिलंय, वेळ मिळत नाही बिचाऱ्यांना.

त्या दिवशी बाबा शाळेत, मी कॉलेजात. प्रदर्शनासाठी वेगळी काढलेली पाकिटं गच्चीवर उन्हात. वहिनीनं परातीत कोमट पाणी घेतलं. घाई केली नाही. प्रत्येक पाकीट पालथं धरून, तिकीट आपोआप सुटेपर्यंत थांबून, एक टोकही न फाडता सगळी तिकिटं काढली. वर्तमानपत्रावर ओळीनं वाळवली. जोत्यावरच्या दगडाखाली दाबून सपाट केली. मोकळ्या पाकिटांचा गठ्ठा बंबाजवळच्या काटक्यांच्या टोपलीत ठेवला आणि आईनं चारच्या सुमारास बाबांच्या हातपाय धुण्याच्या पाण्यासाठी बंब पेटवला.

मी घरी आले तेव्हा ती जिन्यात उभी होती. मला म्हणाली, चला, तुम्हाले एक दाखवते. चेहरा असा उजळलेला मी तिचा लग्नातही पाहिला नव्हता. वर्तमानपत्रावर तिकिटं, इतकी स्वच्छ, इतकी सरळ. मी पाकिटं शोधायला इकडेतिकडे पाहिलं. तिला माझ्या तोंडावरून कळलं. ती तिथंच खाली बसली.

बाबा आले. वर गेले. खाली आले. ओरडले असते तर बरं झालं असतं, आईनं नंतर तेच म्हटलं. त्यांनी हातपाय धुतले, त्याच पाण्यानं. मग मला म्हणाले, सूनबाईले विचार, पाकिटं कुठं आहेत. ती दाराआडच होती. मी तिला विचारायच्या आत तिनं टोपली उचलून आणली आणि उंबऱ्यावर ठेवली. एक सोडून सगळी पाकिटं वाचली होती. गेलं होतं ते सगळ्यांत वरचं, मद्रासचं. आई म्हणत राहिली, मले काय माहीत, मले काय माहीत. कोणी तिला काही म्हणत नव्हतं.

शनिवारी दादा आला, त्यानं ऐकलं आणि तोही गप्प बसला. आमच्या घरातल्या पुरुषांना तो रोग आहे. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येईना. जेवायची ती शेवटी, आणि जेवायची म्हणजे ताट धुवायची. त्या दिवसांत मी त्या दोघांची पोस्टमन होते पण टपालच नव्हतं.

मग एका दुपारी बाबांनी गच्चीवर चटई टाकली. एकीकडे तिकिटं मांडली, एकीकडे वाचलेली पाकिटं, आणि मला म्हणाले, सूनबाईले बोलाव, तिची नजर बारीक आहे. ती आली, चटईच्या पार टोकाला बसली. बाबांनी मला समजावलं, म्हणजे तिला. प्रत्येक पाकिटावर शिक्क्याचा अर्धा गोल आहे. कोणत्या तिकिटावर त्याचा उरलेला अर्धा आहे ते शोधायचं. ती पाकिटांवर वाकली. मग तिनं एक तिकीट बोटाच्या टोकावर घेतलं आणि एका पाकिटावर नेऊन टेकवलं. गोल पुरा झाला. कलकत्ता.

त्यानंतरच्या दुपारी आठवल्या की मला अजून उबदार वाटतं. वर पतंगा, कोणाची कटली की गच्च्यागच्च्यांतून आरोळी, खाली हे दोघं मान खाली घालून. बोलणं माझ्यामार्फतच, पण वाढलेलं. मामाजींना विचारा, हा दिल्लीचा आहे का. तिले सांग, शाईचा रंग पाह्य, दिल्लीची शाई काळी नाही. एकदा तिच्या हाताला ते समुद्रातून आलेलं पाकीट लागलं. तिनं विचारलं, याचं तिकीट कुठं आहे? बाबांनी तिला, माझ्यामार्फत, विमान पडल्याची सगळी गोष्ट सांगितली. तिनं ती पदराचं टोक चावत ऐकली. असं वाटायला लागलं होतं की झालं, निभावलं.

सगळी जुळली. मद्रासचं एक तिकीट तेवढं उरलं, अर्ध्या गोलासकट. वहिनीनं ते तळहातावर ठेवून इकडेतिकडे पाहिलं, सगळी पाकिटं संपलेली. मग तिनं मला विचारलं की आता ही जुळलेली पाकिटं प्रदर्शनात ठेवतील ना. मी बाबांकडे पाहिलं. बाबांना खोटं बोलता यायचं नाही आणि गोड बोलताही यायचं नाही. ते म्हणाले, "नाही. एकदा सुटलेलं तिकीट परत लावलं तरी ते लावलेलंच असते. ओळखणाऱ्याले ओळखू येते."

त्यांनी ते तिकिटाबद्दल म्हटलं होतं. वहिनीनं ते कशाबद्दल ऐकलं ते मला तिच्या मानेवरून दिसलं. ती उठून खाली गेली. बाबांनी प्रदर्शनवाल्यांना निरोप पाठवला की आपली जागा दुसऱ्याला द्या, आणि काळ्या शाईतले मथळे पेटीच्या तळाशी ठेवून दिले.

लग्नानंतरची पहिली संक्रांत, तेव्हा तिला न्यायला भाऊ येणारच होता. वसंता त्याचं नाव, दोघांतला मोठा. सरळ शेतकरी गडी. आला, चहा प्यायला, तूर कशी आहे ते सांगितलं. मी वहिनीला सामान भरायला मदत करायला गेले तर ट्रंकेत सगळं. उन्हाळ्यातली पातळं, लग्नातला आरसा, तिच्या आईनं दिलेला देव. चार दिवसांच्या माहेराला कोणी आरसा नेत नाही. मी म्हटलं, वहिनी, हे काहून घेऊन चालली? ती म्हणाली, "राहू द्या बेबीताई. तुमच्या घरी मी काही लावलेली राहणार नाही." मी आईला सांगितलं. आई रडायला लागली. बाबा अंगणात उभे होते. वहिनी त्यांच्या पाया पडली, त्यांनी आशीर्वादाला हात वर केला. रिक्षा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला वहिनीच्या माहेरचा पूर्ण पत्ता विचारला. मी धावत जाऊन आईला सांगितलं. आईनं हात जोडले, म्हणाली, जन्मात पहिल्यांदा पत्र लिहून राहिले, लिहू दे, त्यांच्या जवळ जाऊ नको. बाबांनी लेखणी काढली, काळी शाई काढली. वहिनीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. मथळ्यांसाठी राखलेलं अक्षर. तिकीट लावलं, कडेपासून थोडं आत, शिक्का दोन्हीवर नीट पडावा असं. स्वतः पोस्टात जाऊन टाकून आले. ते गेल्यावर आई टेबलाशी गेली. कागदाचा गठ्ठा जसाच्या तसा होता. वरच्या पानावर लेखणीच्या दाबाच्या खुणासुद्धा नव्हत्या.

ते परत आले तेव्हा आईनं त्यांना दारातच गाठलं. "रिकामं पाठवलं? सुनेले? तिच्या घरचे काय समजतील, सोडचिठ्ठी?" बाबा खरोखरच गोंधळले. एवढा वेळ त्यांच्या डोक्यात ही गोष्ट आलीच नव्हती. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "काय लिहू? मले लिहिता येत नाही."

त्या संक्रांतीला आमच्या घरी तीळ भाजले गेले, पण लाडू वळायला कोणाचे हात वळेनात. दादाला कळवावं तर काय कळवावं? तुझ्या बायकोला बाबांनी रिकामं पाकीट पाठवलं? आई रोज म्हणायची, बेबी, तू जाऊन ये पारशिवनीला. बाबा म्हणायचे, थांब. कशासाठी थांब ते सांगायचे नाहीत. पोस्टमन आला की मात्र ते फाटकापर्यंत जायचे. मी पहिल्यांदाच त्यांना दुसऱ्याच्या टपालाची वाट पाहताना बघत होते आणि मला त्यांचा राग येत होता, दयाही येत होती.

संक्रांत झाली, किंक्रांत झाली. मग एक दिवस भर दुपारी, एस. टी.च्या धुळीनं माखलेली, ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन वहिनी एकटीच फाटकात उभी. हातात तिळगुळाचा डबा, काखेत पुठ्ठ्याचे दोन तुकडे सुतळीनं बांधलेले. आई पुढे धावली. वहिनी आईच्या पाया पडली, माझ्याकडे पाहून हसली आणि मला ओलांडून सरळ बाबांकडे गेली. पुठ्ठे सोडले. आत ते पाकीट, न फाडलेलं, न चुरगळलेलं. पुढे नागपूरचा शिक्का, निम्मा तिकिटावर निम्मा कागदावर. मागे पारशिवनीचा, गाव वाचता येईल असा.

ती म्हणाली, "मामाजी, शिक्का चांगला आला."

बाबांनी पाकीट उन्हाकडे धरून पाहिलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. म्हणाले, "चांगला आला बेटा." मधे मी नव्हते. बाजूला उभी राहून ऐकत होते, आणि माझी पोस्टमनची नोकरी गेली याचा मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगाच चहाचं आधण ठेवलं.

मद्रासचं ते उरलेलं तिकीट त्यांनी एका नव्या अल्बमच्या कोऱ्या पानावर लावलं आणि त्याखाली पारशिवनीचं पाकीट. वर पाकिटाविना तिकीट, खाली पत्राविना पाकीट. मथळा लिहिला नाही. पुढच्या वर्षी प्रदर्शनवाल्यांनी पुन्हा विचारलं, बाबा नाही म्हणाले. जुळवलेली पाकिटं ते दर हिवाळ्यात गच्चीवर काढायचे, साडी पसरायला वहिनी असायची. भांडणंही व्हायची त्यांची, थेट. विमानं लांबून उडत जायची आणि दोघं एकदमच मान वर करायचे.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. सक्करदऱ्याच्या घरी पेटी वहिनीजवळ आहे. तिचे केस पांढरे झाले, बारीक नजरेला जाड चष्मा लागला. बंब कधीच गेला. परवा मी तिळगूळ घेऊन गेले तर ती गच्चीवर पेटीला ऊन दाखवत बसलेली. अल्बमचं ते पान उघडं होतं. मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. पाकीट आलं तेव्हा पारशिवनीला काय झालं होतं?

ती हसली. म्हणाली, काय व्हायचं, रडारड झाली. पोस्टमननं दिलं, वसंतानं उजेडात धरलं, आत काहीच नाही. आमची आई भिंतीला टेकून बसली. म्हणाली, सासऱ्यानं पोरगी टाकली. वसंता तर उठलाच, म्हणे, फाडून पाहतो आणि तसाच नागपूरला जाऊन विचारतो. मी त्याच्या हातातून घेतलं.

मग तिनं पाकिटावर पडलेला मांज्याचा तुकडा दोन बोटांनी उचलला, बाजूला टाकला आणि म्हणाली, "मी त्याले म्हटलं, फाडू नको गा. असं रिकामं पाकीट मामाजी दुसऱ्या कोणाले नाही पाठवत. फक्त स्वतःले पाठवतात. ते फिरून घरी आलं पाहिजे म्हणून."